बक्षीस योजना, लकी ड्रॉ आणि कायदा : दुकानदारांनी काय जपावे?

रमजान ईद जवळ आली की मोमिनपुऱ्यात आणि दिवाळी जवळ आली की इतवारी, गांधीबाग, सीताबर्डीत एकच पाटी दुकानोदुकानी झळकू लागते : 'खरेदी करा, बक्षीस जिंका.' पूर्वी काउंटरवर कुपनांचा पत्र्याचा डबा ठेवलेला असे. आता तो डबा मोबाईलमध्ये आला आहे. पेज फॉलो करा, तीन मित्रांना जोडा, आपला नंबर पाठवा आणि अमुक तारखेला निकाल पाहा, असा मामला आहे. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश. पण ही योजना कायद्याच्या चौकटीत बसते की नाही, हे विचारण्याची तसदी फारच थोडे व्यापारी घेतात. 'सगळेच करतात' हे उत्तर ठरलेले असते. पोलीस ठाण्यात मात्र हे उत्तर चालत नाही.

आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंनी एक गोष्ट प्रथम समजून घ्यावी. योजनेला तुम्ही काय नाव दिले आहे, याकडे कायदा पाहत नाही. लकी ड्रॉ म्हणा, स्नेह योजना म्हणा, ईद धमाका म्हणा की बचत योजना म्हणा. कायदा तीन गोष्टी शोधतो : बक्षीस आहे काय, ते नशिबावर मिळते काय, आणि त्या नशिबासाठी गिऱ्हाइकाने मोल दिले आहे काय. तिन्ही एकत्र आल्या की ती लॉटरी झाली. पहिल्या दोन गोष्टी उघड दिसतात. वाद होतो तो तिसरीवर, म्हणजे मोलावर. ते मोल कधी तिकिटाच्या रूपात असते, कधी सभासद फीच्या, कधी मासिक हप्त्याच्या, तर कधी वाढवून लावलेल्या किमतीच्या रूपात दडलेले असते.

लॉटरी फक्त सरकारची

खासगी लॉटरीवरील बंदी जुनी आहे. इंग्रजांनी १८७० साली भारतीय दंड संहितेत कलम २९४-अ घातले आणि सरकारी परवानगीशिवाय लॉटरीचे कार्यालय चालवणे हा गुन्हा ठरवला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम २९७ मध्ये तीच तरतूद कायम आहे. कार्यालय चालवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि अशा लॉटरीची जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यास पाच हजार रुपयांपर्यंत दंड. जुन्या कलमात जाहिरातीचा दंड एक हजार होता.

नव्वदच्या दशकात एक आकडी लॉटरीने गल्लोगल्ली धुमाकूळ घातला. त्यानंतर केंद्राने १९९८ चा लॉटरी नियमन कायदा केला. त्यानुसार लॉटरी काढण्याचा अधिकार राज्य सरकारांचाच. तिकिटे सरकारने छापायची, सोडत सरकारने काढायची, पैसा सरकारी खात्यात जमा व्हायचा, एक आकडी बक्षिसे बंद, आणि एका लॉटरीची आठवड्यात एकाहून अधिक सोडत नाही. हा कायदा मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. आपल्या राज्याची स्वतःची लॉटरी १९६९ पासूनची आहे. संगणकावरील, म्हणजे ऑनलाइन लॉटरीचे नियम २०१० साली आले. तेही सरकारी लॉटरीपुरतेच आहेत. तेव्हा 'आम्ही ऑनलाइन लॉटरी सुरू करतो, परवाना कुठे मिळतो?' असे कोणी विचारले तर उत्तर सरळ आहे : खासगी माणसाला तो मिळत नाही.

महाराष्ट्रात याशिवाय १९५८ चा लॉटरी नियंत्रण व कर कायदाही आहे. त्यात आनंदमेळ्यासारख्या कार्यक्रमातील लहान सोडतींना काही अटींवर सूट आहे. पण नफ्यासाठी चाललेल्या दुकानाला त्या सुटीचा आधार घेता येत नाही.

'धंदा करणे हा आमचा घटनेने दिलेला हक्क आहे' असे म्हणणाऱ्यांसाठी मुंबईचा एक जुना खटला सांगण्यासारखा आहे. आर. एम. डी. चमारबागवाला हे बंगलोरहून छापल्या जाणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या पत्रातून शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा चालवीत. त्या पत्राचा मुंबई राज्यात मोठा खप होता. मुंबई सरकारने आपला १९४८ चा कायदा लावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एप्रिल १९५७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण त्याला मिळत नाही. कौशल्यावर चालणारी स्पर्धा वेगळी आणि नशिबावर चालणारी वेगळी, ही रेघही त्याच वर्षीच्या निकालांनी ठळक केली. कोड्यांच्या बक्षिसांसाठीच्या १९५५ च्या केंद्रीय कायद्यात महिन्याला एकूण एक हजार रुपयांवरच्या बक्षिसांना बंदी आहे. तो नशिबाच्या स्पर्धांनाच लागू आहे, असे न्यायालयाने तेव्हाच स्पष्ट केले.

खरा धोका हप्त्याच्या योजनेत

लॉटरीचे तिकीट विकायला आपल्यापैकी कोणी बसत नाही. आपला दुकानदार अडकतो तो दुसऱ्याच ठिकाणी, आणि बहुतेक वेळा नकळत. ही योजना नागपूरकरांना नव्याने सांगायला नको. कूलर, अलमारी, शिलाई मशीन किंवा लग्नाची भांडी यासाठी सभासद करायचे. दरमहा हप्ता, दरमहा सोडत. ज्याची चिठ्ठी निघाली त्याला वस्तू मिळाली आणि पुढचे हप्ते माफ. ज्यांची निघाली नाही त्यांना शेवटी वस्तू मिळणारच. 'कोणाचेच नुकसान नाही, मग गुन्हा कसला?' असे दुकानदार प्रामाणिकपणे विचारतो.

हिशेब मांडून पाहू. समजा, एका दुकानदाराने सहा हजारांच्या कूलरसाठी दोनशे सभासद केले. हप्ता तीनशे रुपये, मुदत वीस महिने. पहिल्याच महिन्यात साठ हजार रुपये गल्ल्यात आले आणि एक कूलर गेला. वीस महिन्यांत वीस जणांच्या चिठ्ठ्या निघतील. पहिल्याने तीनशे भरले, दुसऱ्याने सहाशे, अशा रीतीने या वीस जणांकडून मिळून त्रेसष्ट हजार येतील. पूर्ण भरले असते तर एक लाख वीस हजार आले असते. म्हणजे सोडतीवर दुकानदाराने सत्तावन्न हजार सोडले. उरलेल्या एकशे ऐंशी जणांचे दहा लाख ऐंशी हजार रुपये मात्र वस्तू न देता त्याच्याकडे साठत गेले. या मधल्या काळात त्याने तो पैसा दुकानात घातला, प्लॉटमध्ये अडकवला, किंवा घरात आजारपण निघाले, तर विसाव्या महिन्यात एकशे ऐंशी कूलर आणायचे कुठून? सभासदांत रोजंदारीवर जाणारे, विणकर, बिडी वळणाऱ्या बाया असतात. त्यांच्याजवळ असते ती फक्त हप्त्याचे छोटे कार्ड, दुसरा कागद नाही.

नेमक्या याच कारणाने संसदेने १९७८ साली बक्षीस चिठ्ठी व पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याआधी रिझर्व्ह बँकेने जेम्स राज यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने अशा योजना तपासून त्यांच्यावर बंदीची शिफारस केली होती. कायद्यातील व्याख्या वाचली की आपल्या गल्लीतील योजनेचे वर्णनच कोणी लिहून ठेवले आहे असे वाटते. एकरकमी किंवा हप्त्याने, वर्गणी, सभासद फी किंवा अन्य कोणत्याही नावाने पैसे गोळा करणे, आणि त्यातून सोडतीने ठरलेल्या काही सभासदांना रोख किंवा वस्तुरूपाने बक्षीस देणे. बक्षीस मिळालेल्याने पुढे हप्ते भरायचे असोत वा नसोत, फरक पडत नाही. ज्यांना बक्षीस लागले नाही त्यांना पैसे परत करण्याची बोलीसुद्धा याच व्याख्येत आहे. म्हणजे 'आम्ही सर्वांना पैसे परत देतो' हा बचाव होऊ शकत नाही. उलट तो योजनेचा पुरावा ठरतो.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुरेसे कारण नसेल तर एक वर्षाहून कमी कैद देता येत नाही. कायद्याला आव्हान दिले गेले होते. श्रीनिवास एंटरप्रायजेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये तो वैध ठरवला. दंडाचे आकडे पाहून कोणी हसेल. पण २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आल्यापासून हसण्याची सोय राहिलेली नाही. १९७८ च्या कायद्याने बंदी असलेली बक्षीस चिठ्ठी ही आपोआप अनियंत्रित ठेव योजना मानली जाईल, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. अशा ठेवी स्वीकारणाऱ्यास दोन ते सात वर्षे कैद आणि तीन ते दहा लाख रुपये दंड आहे.

यात एक मुद्दा कारागीर बंधूंसाठी फार महत्त्वाचा आहे. १९७८ च्या कायद्यात योजना चालवणाराच तेवढा दोषी नाही. त्या योजनेची तिकिटे, कुपने, कार्डे छापणारा, जाहिरात छापून वाटणारा, सभासद करणारा, आणि जागा वापरायला देणाराही त्यात येतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. छापखानेवाल्यांनी हप्त्याच्या कार्डाची ऑर्डर घेताना मजकूर वाचावा. त्यावर 'दरमहा सोडत' असे शब्द असतील तर ऑर्डर परत करणे परवडते. कमिशनवर घरोघर हप्ते गोळा करणाऱ्या तरुण पोरांना तर हे कोणी सांगतच नाही. योजना बुडाली की लोक पहिल्यांदा त्यांच्याच दारात येतात, कारण दुकानदाराचा चेहरा अनेकांनी पाहिलेलाही नसतो.

मित्रमंडळींतील बीसी हा याहून वेगळा विषय आहे. तिथे सर्वांना सारखीच रक्कम आळीपाळीने मिळते. धंदा म्हणून ती चालवणाऱ्यास १९८२ चा चिट फंड कायदा आणि त्याखालील नोंदणी लागते. त्यावर पुन्हा केव्हातरी लिहिता येईल.

कुपन मोफत असेल तर?

आता ईद-दिवाळीच्या साध्या कुपनाकडे वळू. हजाराच्या खरेदीवर एक कुपन, शेवटी सोडत. येथे गिऱ्हाइकाने मोल दिले ते मालासाठी, कुपनासाठी नाही. मालाची किंमत नेहमीचीच असेल तर हा प्रकार लॉटरीपासून दूर राहतो.

यावर हॉर्लिक्सचा खटला वाचण्यासारखा आहे. एचएमएम या कंपनीने हॉर्लिक्सच्या काही बाटल्यांत बक्षिसाच्या चिठ्ठ्या टाकल्या. मक्तेदारी आयोगाने ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. गिऱ्हाइकाने नेहमीच्या किमतीत हॉर्लिक्स घेतले आणि त्याला ते मिळाले. चिठ्ठी निघाली नाही म्हणून त्याचे काही गेले नाही, असा न्यायालयाच्या विचाराचा रोख होता. यातून दुकानदाराने घ्यायचे ते एवढेच की योजनेच्या काळात भाव वाढवू नये, आणि योजनेच्या आधीची व नंतरची बिले जपून ठेवावीत. तक्रार झाली तर तीच बिले बोलतील.

मात्र एवढ्याने निर्धास्त होऊ नये. सध्याचा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा असून तो जुलै २०२० पासून लागू आहे. विक्री वाढवण्यासाठी घेतलेली स्पर्धा, लॉटरी, नशिबाचा किंवा कौशल्याचा खेळ हे सर्व त्यात अनुचित व्यापारी प्रथेच्या यादीत आहे. येथे 'कौशल्य' हा शब्दही आहे, तेव्हा घोषवाक्य लिहायला लावले म्हणजे आपण सुटलो, असे नाही. बक्षीस द्यायचे नाही असे ठरवूनच जाहीर करणे, बक्षिसाचा खर्च मालाच्या किमतीत घालून ते फुकट असल्याचा देखावा करणे, आणि निकाल लपवणे या गोष्टी त्यात स्वतंत्रपणे नमूद आहेत. जाहिरात ज्या पत्रात दिली तिथेच निकालही ठळकपणे द्यावा, असा कायद्याचा रोख आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकते. आमच्या मते सर्वाधिक तक्रारींचे मूळ निकालातच असते. सोडत बंद शटरआड निघते, पहिले बक्षीस मालकाच्या मेव्हण्याला लागते, आणि मग बाजारात वर्षभर चर्चा चालते. चार गिऱ्हाइकांसमोर, लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढायला किती खर्च येतो?

मोबाईलवरील बक्षिसे

मोबाईलवर योजना नेली म्हणून कायदा बदलत नाही. फॉलो करणे, कमेंट लिहिणे यात पैसा जात नाही, तोवर मोल नाही. पण 'यूपीआयने ९९ रुपये भरा आणि बुलेट जिंका' असे लिहिले की ती सरळ तिकीटविक्री झाली. ९९ रुपयांसोबत एखादी चावीसाखळी किंवा अत्तराची कुपी दिली तरी तिची खरी किंमत दहा रुपये आहे, हे कोणालाही कळते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा नवा कायदा मंजूर केला. पैसे भरून बक्षिसाच्या आशेने खेळण्याचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, त्यात बंद करण्याची तरतूद आहे. चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यासही दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पैशाची बक्षिसे देणाऱ्या ॲपचा फलक दुकानावर लावण्यापूर्वी याचा विचार करावा.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामचे स्वतःचे नियमही आहेत. बक्षीस योजना तुमची आहे, कंपनीचा तिच्याशी संबंध नाही, असे स्पष्ट लिहावे लागते. 'आपल्या वॉलवर शेअर करा आणि भाग घ्या' अशी अट फेसबुक चालू देत नाही. ती मोडली तर पेज बंद होऊ शकते, आणि वर्षानुवर्षे जमवलेले गिऱ्हाईक एका दिवसात जाते. भाग घेणाऱ्यांचे नंबर जमा होतात, ते कशासाठी वापरणार तेही सांगून ठेवावे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पाया संमती हाच आहे.

आणि एक उलटी बाजू. केबीसीच्या नावाने पंचवीस लाखांची लॉटरी लागल्याचे संदेश वर्षानुवर्षे फिरत आहेत. बक्षीस मिळवण्यासाठी आधी पैसे भरायला सांगणारी प्रत्येक योजना ठगांची समजावी. ठगांच्या या उद्योगामुळे खऱ्या दुकानदाराच्या योजनेकडेही लोक संशयाने पाहतात. म्हणून दुकानाचा पत्ता, योजनेची सुरुवात आणि शेवटची तारीख, बक्षिसांची संख्या आणि निकालाचा दिवस जाहिरातीतच द्यावा.

बक्षिसावरचा कर

सोडतीत मिळालेल्या बक्षिसावर तीस टक्के आयकर आहे. बक्षीस दहा हजार रुपयांहून अधिक असेल तर तो कापून भरण्याची जबाबदारी देणाऱ्याची. रोख रकमेत कपात सोपी असते. वस्तूत ती अडचणीची. नव्वद हजारांची मोटारसायकल लागली तर सत्तावीस हजार रुपये कर आधी भरला गेला पाहिजे, मग किल्ली. विजेत्याकडून ते घ्यायचे की दुकानाने सोसायचे, हे कुपनावरच छापावे. नाहीतर मंडपात हारतुरे झाल्यावर विजेत्याला सत्तावीस हजार मागण्याची वेळ येते. हा कर भरण्यासाठी दुकानाकडे टॅन क्रमांक लागतो. दहा हजारांच्या आतील अनेक लहान बक्षिसे ठेवली तर ही सगळी यातायात वाचते, आणि बाजारात खूश होणारी घरेही वाढतात. भेट म्हणून फुकट दिलेल्या वस्तूच्या खरेदीवरील जीएसटीची वजावट मिळत नाही, हेही हिशेबनिसास सांगून ठेवावे.

आपल्या वाचकांच्या मनात हलाल-हरामचा प्रश्नही येणारच. कुरआनच्या सूरह माइदामध्ये मैसिर म्हणजे जुगार निषिद्ध ठरवला आहे. नेहमीच्या भावात गरजेची वस्तू घेतली आणि सोबत बक्षीस मिळाले, तर अनेक उलेमा ते दुकानदाराने दिलेली भेट समजतात. बक्षिसाच्या आशेने पैसा लावला किंवा त्यासाठी भाव वाढवला, तर ते त्याला जुगार म्हणतात. कायदा मोल शोधतो आणि आलिमही तेच विचारतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपापल्या योजनेबद्दल आपापल्या आलिमांना विचारावे.

ज्यांची हप्ते-सोडत योजना आजच चालू आहे, त्यांनी पुढची सोडत काढू नये आणि पुढचा हप्ता घेऊ नये. प्रथम वकिलाचा सल्ला घ्यावा. सभासदांची वही, जमा रक्कम आणि दिलेल्या वस्तू यांचा हिशेब पुरा करावा. ज्याचे जेवढे जमा आहे तेवढ्याची वस्तू किंवा रक्कम सहीची पावती घेऊन द्यावी. रक्कम परत केल्याने झालेला गुन्हा पुसला जातो असे नाही. पण अशा प्रकरणात फिर्याद बहुधा पैसे बुडालेला सभासदच करतो. कूलर हप्त्याने विकायचाच असेल तर दुसरी सरळ वाट आहे : कूलर आधी गिऱ्हाइकाच्या घरी पोचवावा, ठरलेली किंमत कागदावर लिहावी आणि हप्ते नंतर घ्यावेत. त्यात पैसा अडकतो तो दुकानदाराचा, आणि चिठ्ठीची गरजच उरत नाही.